स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरची विषण्णता

अतिस्थूलतेसाठी जठरावर केलेली शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी, वजन अपेक्षेप्रमाणे उतरावे, मधुमेहाची औषधे कमी व्हावीत आणि त्याच सुमारास रुग्णाचे मन मात्र खचत जावे, हा अनुभव विरळा नाही. भिलाईतील मरोद्यासारख्या वसाहतीत, जेथे शेजारपाजारचे लोक एकमेकांच्या ताटातले जाणतात, तेथे "एवढा खर्च केलात, बारीक झालात, मग आता रडता कशाला?" असा प्रश्न येणारच. रुग्ण त्यावर निरुत्तर होतो आणि पुढे बोलतच नाही. वस्तुतः या विषण्णतेची कारणे शोधता येतात, व त्यांपैकी काही तर साध्या रक्ततपासणीत सापडतात.

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक, ज्याचा शोध १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी लावला, ते मुख्यतः या काढलेल्या भागातच निर्माण होते. त्यामुळे भूक मंदावते. परंतु दुःखात, कंटाळ्यात किंवा रात्रपाळीहून परतल्यावर खाण्याने मिळणारा दिलासाही त्याबरोबर जातो. वर्षानुवर्षे ज्याने मन सावरले ते साधन एका दिवसात हिरावले जाते आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेले नसते. सणावारी पंगतीत बसून चार घासांवर थांबणाऱ्याला हे अधिक जाणवते.

अल्पाहाराचा मनावरील परिणाम अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली तपासला गेला. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते चिडखोर, उदास व एकलकोंडे झाले. शस्त्रक्रिया झालेल्याची भूक मंद असते, म्हणून ही तुलना पुरती लागू पडत नाही. तथापि पहिल्या काही महिन्यांत त्याचा आहार त्या तरुणांच्या आहाराहूनही कमी असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या थकव्याचे व चिडचिडीचे नवल वाटत नाही.

जीवनसत्त्वांचा प्रश्न याहून निकडीचा आहे. ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होऊ लागल्या तर तो संपतो, आणि मग गोंधळलेपणा, दृष्टी दुहेरी होणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसतात. ही विषण्णता नव्हे; येथे त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. ब-१२ जीवनसत्त्वाचे याच्या उलट आहे. त्याचा यकृतातील साठा काही वर्षे टिकतो, म्हणून उणीव उशिरा कळते. मात्र शुद्ध शाकाहारी घरांत हा साठा आधीच तोकडा असण्याचा संभव असतो. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा आणि औदासीन्य एकत्र आढळल्यास रक्त तपासावे. लोह, ड जीवनसत्त्व व अवटु ग्रंथीचे कार्य यांचीही तपासणी त्यासोबत होते.

ज्यांना पूर्वीपासून विषण्णतेवर गोळ्या चालू असतात, त्यांच्याबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जठर व आतडे यांची रचना बदलल्यावर काही औषधांचे शोषण घटते, विशेषतः सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचे. गोळी तीच, मात्राही तीच, पण गुण कमी. अशा वेळी स्वतः गोळ्या वाढवू वा थांबवू नयेत; मात्रा बदलणे हे वैद्याचे काम आहे. मद्याचा प्रकार नेमका उलटा: ते झपाट्याने रक्तात चढते, आणि अन्नाची जागा मद्याने घेण्याचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढलेला दिसतो.

शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्णांची विषण्णता एकंदरीत कमीच होते, हेही खरे. तरीही कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची तीन-तीन वर्षे पडताळली असता, स्वतःला इजा करून घेण्याच्या प्रसंगांत सुमारे निम्म्याने वाढ आढळली. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. असे प्रसंग ओढवलेल्यांपैकी बहुतेकांना मानसिक विकार पूर्वीच जडलेला होता, आणि पुष्कळसे प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, म्हणजे घरच्यांची काळजी ओसरल्यावर घडले.

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर थांबू नये. मरोद्याच्या रहिवाशांना सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय जवळ आहे. रायपूरच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. जगणे नकोसे वाटू लागल्यास २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र बोलता येते, आणि अशा वेळी घरच्यांनी त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. कोणाकडेही गेले तरी शस्त्रक्रियेचा प्रकार, तिची तारीख आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी प्रथम पुढे ठेवावी.