विठ्ठलाच्या पायांपर्यंतची वाट

आषाढी जवळ आली की पंढरपुरात देवाचा पलंग निघतो. शेजघरातला पलंग हलवून विठ्ठलाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या देतात. मग शेजारती नाही, झोप नाही. चोवीस तास दर्शन. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि उभं राहून शिणलेल्या देवाला रात्री काढा दिला जातो. भक्तांची सोय व्हावी म्हणून देवाचाच दिनक्रम मोडायचा, हे या देवस्थानाचं खरं वैभव.

दुसरं वैभव पदस्पर्शाचं. मोठ्या देवळांत बहुतेकांना हात जोडून लांबूनच पुढं सरकावं लागतं. पंढरीत मात्र रांगेतला कुणीही थेट समचरणांवर डोकं ठेवतो. त्या स्पर्शानं मूर्तीची झीज होते, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तिला वज्रलेप करून घ्यावा लागतो. 2020 मध्ये टाळेबंदीत मंदिर बंद होतं, तेव्हाही तो झाला.

पण हे ‘कुणीही’ जुनं नाही. महाद्वारी नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. चोखोबांच्या जातीतल्या माणसांची वारी कित्येक शतकं तिथंच संपत असे. अभंग आत गायले जात, माणसं बाहेर. गाडगेबाबा चंद्रभागेचं वाळवंट झाडत, रात्री कीर्तनातून शिवाशिवीवर कोरडे ओढत. बाहेर राहिलेल्या या वारकऱ्यांना निदान पाठ टेकायला जागा हवी म्हणून त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढं ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

मंदिराचं दार उघडण्यासाठी साने गुरुजींनी प्राण पणाला लावले. आधी ते महाराष्ट्रभर फिरले. सोबत राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं. गावोगावी सभा झाल्या, पाणवठे आणि मंदिरं खुली करण्याचे ठराव झाले. मग 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण मांडलं. मठ द्यायला तयार झालेले तनपुरे महाराज स्वतः वारकरी परंपरेतले होते, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. हा झगडा श्रद्धावंत विरुद्ध अश्रद्ध असा नव्हताच. एकाच विठ्ठलाची दोन लेकरं, एक उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, असा तो होता. दहा मे रोजी उपोषण सुटलं आणि मंदिर सर्वांना खुलं झालं.

दार उघडलं, तरी गाभाऱ्यातला कारभार तसाच राहिला. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात आणि त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे हे सेवाधारी. कुणी पूजा सांगायची, कुणी स्नान घालायचं, कुणी दिवटी धरायची, सगळं वंशपरंपरेनं ठरलेलं. बडव्यांमध्ये देवापुढच्या उत्पन्नाच्या हक्काचा लिलाव होई. बोली जिंकणाऱ्याला लावलेला पैसा भाविकाकडूनच वसूल करायचा असे. दक्षिणेसाठी होणाऱ्या अडवणुकीच्या तक्रारी वाढत गेल्या, तेव्हा राज्य सरकारनं बी. डी. नाडकर्णी यांचा चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर 1973 चा पंढरपूर मंदिरे कायदा आला आणि सगळे वंशपरंपरागत हक्क संपवून कारभार समितीकडे देण्याचं ठरलं. मग कोर्टकचेऱ्या. प्रत्यक्ष ताबा मिळायला 1985 उजाडलं आणि शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 15 जानेवारी 2014 रोजी दिला. एकेचाळीस वर्षं!

त्याच वर्षी समितीनं पूजेसाठी जाहिरात देऊन सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. ज्या परंपरेत जनाबाई आणि सोयराबाईंचे अभंग रोज गायले जातात, तिथं हे इतक्या उशिरा घडावं याची खंत वाटते. घडलं याचा आनंद त्याहून मोठा आहे.

धर्मनिरपेक्ष राज्यात सरकारनं देवळात हात घालावा का, हा प्रश्न रास्त आहे. राज्यघटनेचं 25 वं कलम श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. पंढरपुरात सरकार आलं ते भाविकांच्या गाऱ्हाण्यामुळे. म्हणूनच बडव्यांना जो जाब विचारला गेला, तोच आता समितीलाही विचारला पाहिजे. दर्शनरांगेच्या पत्राशेडपासून तासन्‌तास उभ्या असलेल्या म्हातारीला पाणी, सावली, स्वच्छतागृह मिळतं का? तिच्या रांगेला बगल देऊन किती जण आत जातात? देणग्यांचा हिशेब तिला कळेल अशा भाषेत मांडला जातो का? शासकीय मंदिर म्हणवून घ्यायचं तर या प्रश्नांपासून सुटका नाही.

आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात, त्या वेळी सत्तेलाही इथं जाब द्यावा लागतो. 2018 मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत. त्यांनी मुंबईतल्या शासकीय निवासस्थानीच पूजा केली. मात्र या महापूजेतली एक प्रथा मनापासून जपावी अशी आहे. दर्शनरांगेत उभं असलेलं एक जोडपं मानाचे वारकरी म्हणून निवडलं जातं आणि मुख्यमंत्र्यांच्या बरोबरीनं पूजेला बसतं. 2020 साली करोनामुळे पालख्या पायी निघाल्या नाहीत, संतांच्या पादुका एसटीनं आल्या आणि रांगच नव्हती. तेव्हा हा मान मंदिरात सेवा करणाऱ्या विणेकऱ्याला देण्यात आला. मानाच्या वारकऱ्यांचा सत्कार होतो आणि एसटी महामंडळ त्यांना वर्षभराच्या मोफत प्रवासाचा पास देतं.