भाड्याच्या बंदुकांची फौज

जुन्या मराठी कागदपत्रांत 'शिबंदी' हा शब्द वारंवार आढळतो. किल्ल्याच्या रखवालीसाठी किंवा वसुलीच्या कामासाठी काही काळापुरते पगारावर ठेवलेले शिपाई म्हणजे शिबंदी. काम सरले की पगार बंद, आणि पगार थांबला की चाकरीही संपली. बिदर आणि कलबुर्गी या मुलुखातील किल्ल्यांनी अशी किती शिबंदी येताना नि जाताना पाहिली असेल, याची गणती नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या चाकरीत उभी राहिलेली एक कवायती फौज मात्र या साध्या शिबंदीहून पुष्कळच मोठी झाली. तरीही तिचे आयुष्य जेमतेम बारा वर्षांचे ठरले.

या फौजेचा सेनापती मिशेल रेमों हा फ्रेंच गृहस्थ. आपल्या इकडील लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'मुसा रेमू' असे रुळले. त्याचा जन्म १७५५ सालचा. विशीत तो पुदुच्चेरीस आला आणि बुसीच्या मृत्यूनंतर, १७८६ च्या सुमारास, निजाम अली खानाच्या चाकरीत शिरला. आरंभी त्याच्यापाशी सुमारे तीनशे माणसे होती. त्यांच्या बंदुकाही स्वतःच्या नव्हत्या. दर बंदुकीस दरमहा आठ आणे भाड्याने त्या एका व्यापाऱ्याकडून आणल्या होत्या, असे सांगतात. तिकडे महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन्याचे कंपू नावारूपास आले होते. कवायत शिकलेले पायदळ आपल्यापाशीही असावे, असे प्रत्येक दरबारास वाटू लागलेला तो काळ होता. रेमोंची फौज त्यामुळे झपाट्याने वाढली.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास मराठे व निजाम यांची गाठ पडली. तेथे रेमोंच्या पलटणींनी शिंद्यांच्या पेरॉंशी चांगली टक्कर दिली. परंतु रात्री निजामाच्या छावणीत गोंधळ माजला आणि तो खर्ड्याच्या गढीत जाऊन बसला. पराभव पदरी आला. कंपनीच्या ज्या दोन पलटणी निजाम पगार देऊन बाळगीत होता, त्या या लढाईत उतरल्या नव्हत्या. रागाच्या भरात निजामाने त्यांना निरोप दिला.

अशा वेळी बिदरचे प्रकरण उद्भवले. त्याच वर्षी जूनअखेर निजामाचा पुत्र अलीजाह हैदराबादेहून निसटला व बंड करून उठला. बिदरचा किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. जांभ्या दगडात खोदलेला तिहेरी खंदक असलेला हा किल्ला! पण खंदक कितीही खोल असला, तरी आतील शिबंदी ज्याची, किल्ला त्याचा. निजामाने घाबरून कंपनीच्या पलटणी परत बोलाविल्या. परंतु बंडखोर पुत्राचा पाठलाग करून त्याला औरंगाबादेस पकडले ते रेमोंने. राजधानीस पोहोचण्यापूर्वीच अलीजाहचा अंत झाला; त्याने विष घेतले, असे म्हणतात.

या कामगिरीने रेमोंचा दरबारात जम बसला. फौज चौदा हजारांवर गेली. कवायत फ्रेंच, निशाण फ्रेंच राज्यक्रांतीचे. शिपाई मात्र बहुतेक इथलेच, आणि काही तर कंपनीची पलटण सोडून आलेले. खर्चासाठी मुलूख तोडून दिला होता. सारी मेख इथेच होती. शिपाई आपला पगार सेनापतीच्या हातून घेई. निजामाचा खजिना त्याने पाहिलेलाही नसे. सेनापतीवर विश्वास असेतोवर थोडीबहुत थकबाकी खपून जाई.

२५ मार्च १७९८ रोजी रेमों वारला. त्याच्या जागी आलेल्या पिरोंला ते वजन नव्हते. जुलैत नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि फ्रेंचांचे भय कंपनीच्या मनात अधिकच बळावले. १ सप्टेंबरला वेलस्लीने निजामाशी तह केला : कंपनीच्या सहा पलटणी निजामाने बाळगाव्यात, त्यांपायी वर्षास २४,१७,१०० रुपये द्यावेत आणि फ्रेंच अंमलदारांची फौज मोडावी.

ऑक्टोबरात फौज मोडल्याचे जाहीर होताच शिपाई आपल्याच अंमलदारांवर उलटले. त्यांची मागणी राजकारणाची नव्हती, थकलेल्या पगाराची होती. समजूत घालण्यास गेलेल्या जॉन माल्कमलाही त्यांनी धरले. पूर्वी कंपनीच्या पलटणीत त्याच्या हाताखाली असलेल्या काही शिपायांनी त्याला सोडविले. २२ ऑक्टोबर रोजी कर्नल रॉबर्ट्‌सच्या सैन्याने छावणीस वेढा घातला. पगार देण्याचे आश्वासन मिळाले, शस्त्रे खाली ठेवली गेली. रक्त सांडले नाही. फ्रेंच अंमलदारांना कैद करून पाठविण्यात आले.

यांतील कित्येक शिपाई पुढल्याच वर्षी, १७९९ मध्ये, निजामाच्या तुकडीतून श्रीरंगपट्टणच्या स्वारीवर गेले. या वेळी त्यांचे अंमलदार इंग्रज होते, आणि तुकडीचा प्रमुख होता तोच माल्कम.