वाहनकर्जातील न दिसणारा खर्च
नाशिकमध्ये पाडव्याला किंवा दसऱ्याला मोटार घेणाऱ्या कुटुंबाला दालनात जी ‘ऑन-रोड’ किंमत सांगितली जाते, तिच्यात कर, नोंदणी आणि विमा यांबरोबरच ‘हँडलिंग’ या नावाची रक्कमही असू शकते, जी सरकारकडे नव्हे तर विक्रेत्याकडे जाते. विमादेखील त्याच्याकडूनच घ्यावा, असे बंधन नाही.

अधिक गंभीर प्रश्न कर्जाचा आहे. ‘फ्लॅट’ दर म्हणजे हप्त्यांमुळे मुद्दल घटत असले तरी संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच आकारलेले व्याज होय. त्यामुळे ६ लाख रुपयांवर ८ टक्के फ्लॅट दराने ५ वर्षांत २ लाख ४० हजार रुपये व्याज होते, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर सुमारे १४ टक्के भरतो. ज्याला हा हिशेब कोणी समजावून दिलेला नाही त्याच्यावर हा उघड अन्याय आहे. वाहनकर्जात व्याजापलीकडेही अनियमितता झाल्या आहेत: मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला १० कोटी रुपयांचा दंड केला, तो वाहनकर्जदारांना त्रयस्थ कंपनीच्या बिगर-वित्तीय वस्तू विकण्यातील अनियमिततेबद्दल होता.

लिंग, जात आणि धर्म यांवरून कर्जात भेदभाव करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. परंतु कर्ज मिळवून देणाऱ्या विक्रेत्याला कमिशन मिळत असेल, तर घासाघीस न करणाऱ्याला महाग कर्ज मिळण्याचा धोका उरतोच.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी, सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. ग्राहकाने ते वाचल्याशिवाय सही करू नये आणि फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.