‘तमाशा’ आणि ‘लोकनाट्य’ : एका नामांतराचा इतिहास

सोमेश्वरनगरच्या उसाच्या पट्ट्यात काय किंवा इंदापूरकडील यात्रांत काय, फडाच्या फलकावर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ अशी अक्षरे दिसतात. एकाच कलाप्रकाराची दोन नावे अशी शेजारी का नांदावीत, याचे उत्तर कोशात नसून कामगारांच्या रंगभूमीच्या इतिहासात आहे.

‘तमाशा’ हा शब्द अरबी-फारसीतून आलेला. त्याचा अर्थ प्रेक्षणीय देखावा. मराठीत त्याला फजितीचीही छटा चिकटली. ‘लोकनाट्य’ हा समास संस्कृत घडणीचा असला, तरी त्याला बळ मिळाले ते गिरणगावात. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. ‘अकलेची गोष्ट’सारख्या वगांत त्यांनी सोंगाड्या ठेवला, बतावणीची धार ठेवली, परंतु गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमीला व श्रमिकांना वंदन आणले आणि गौळण वगळली.

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण सांगितले गेले ते अश्लीलतेचे. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. बंदी ‘तमाशा’वर आहे, तर आपला खेळ ‘लोकनाट्य’ म्हणून करावा, ही युक्ती अण्णाभाऊंची, असे सांगितले जाते. तिला निव्वळ पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. नावाच्या आधी आशय बदलला होता.

तथापि या नामांतराची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. गौळण गेली, तेव्हा तिच्यावर पोट असलेली नर्तकी नव्या प्रयोगाबाहेर राहिली. कामगारांसाठी लिहिणाऱ्या रंगभूमीला फडावरची स्त्री ही कामगारच आहे, हे पुरेसे दिसले नाही. पुढे वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ मध्ये ‘लोकनाट्य’ पांढरपेशा नाट्यगृहांत रुळवले; शब्दाची प्रतिष्ठा वाढली, फडाची नव्हे.

फडमालकांनी मात्र व्यवहारी तोड काढली. नवा शब्द पुढे जोडला, जुना पुसला नाही. यात्रेला आलेला माणूस फलक वाचून झाल्यावरही शेजाऱ्याला विचारतो, ‘‘औंदा तमाशा कुणाचा आणलाय?’’