पडीक रानातले जळण

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे पुष्कळ घरांचे मालकीचे रान असते. कर्ते पुरुष मुंबईला, वाटण्या झालेल्या नाहीत; त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. आठ-दहा वर्षांनी ठेकेदार दारात येतो, नजरेने अंदाज बांधून उक्ती रक्कम हातावर ठेवतो आणि रान साफ करून जातो. घरची मंडळी खूश! पण खरा तोटा तिथेच होतो. वाकायला नको म्हणून मजूर कमरेएवढा खुंट ठेवतात, साल सोलवटते, आणि पुढचे फुटवे वाऱ्याने मोडतात.

ऐन, किंजळ ही झाडे तोडली म्हणून मरत नाहीत. जुनी मुळे खोल गेलेली असतात, म्हणून खुंटाचा फुटवा नव्या रोपापेक्षा कितीतरी जोमाने वाढतो. हल्ली काजू लावण्यासाठी जेसीबीने हे खुंटच उपटून काढतात. जिथे उतार तीव्र आहे तिथे तरी हे करू नये. पहिल्याच पावसात माती खाली जाते.

रानाचे आठ-दहा तुकडे पाडून वर्षाला एकच तुकडा तोडावा. तोड पौष-माघात करावी. धारदार कुऱ्हाडीने जमिनीलगत तिरका घाव घालावा, म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही. बियांसाठी काही मोठी झाडे उभी ठेवावीत. पावसाळ्यात एकेका खुंटाला दहा-पंधरा फुटवे येतात. दुसऱ्या वर्षी त्यांतले दोन-तीन सरळ ठेवून बाकीचे काढावेत. दोन-तीन वर्षे शेळ्या आत शिरू देऊ नयेत (शेजाऱ्याच्याही, आणि यावरून भांडण ठरलेलेच!). वणव्यासाठी होळीपूर्वीच कडेने गवत काढून पट्टा मोकळा करावा.

कुऱ्हाड उचलण्याआधी कागद पाहावेत. ऐन, किंजळ, खैर ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. मालकीची असली तरी परवानगी लागते. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याने जमीन सरकारजमा झाली असेल, तर सातबारा तलाठ्याकडून नीट समजून घ्यावा. सहहिस्सेदारांची संमतीही लेखी असू द्यावी.

ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. असले जळण गळ्यात पडले की घरातल्या बाईचे डोळे जातात आणि गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून लाकूड लगेच फोडून, दगडांवर ओंडके आडवे टाकून त्यावर रचावे, वारा खेळू द्यावा, आणि मृगाआधी छपराखाली घ्यावे. वाळलेले वजनाला कमी भरते, तेव्हा भाव त्या हिशेबाने चढा सांगावा.

गिऱ्हाईक मात्र बदलले आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस खेडोपाडी पोचला. मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. तेव्हा त्या बेकऱ्यांच्या भरवशावर राहू नये. न्हाणीची चूल अजून कोकणात पेटते, लग्नाकार्याचे आचारी लाकूड मागतात, स्मशानालाही ते लागतेच. या गिऱ्हाइकांशी दिवाळीतच बोलून घ्यावे आणि मग किती तुकडा तोडायचा ते ठरवावे.