तुपाचा थेंब आणि तीन शिपाई

संपादकांनी सांगितलं, हाफकिन इन्स्टिट्यूटवर लिहा. परळच्या आचार्य दोंदे मार्गावरची ही संस्था. इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान होती. 10 ऑगस्ट 1899 रोजी तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली, 1925 मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. हा सगळा इतिहास छापलेला आहे, कुणालाही वाचता येईल. मी मात्र वाचता वाचता परळहून मागे भायखळ्याला आले आणि तिथेच रेंगाळले. जे. जे. रुग्णालयाच्या आवारातलं ग्रँट मेडिकल कॉलेज, त्यातली फ्रामजी दिनशा पेटिट लॅबोरेटरी. ऑक्टोबर 1896 मध्ये वाल्डेमार हाफकिनला मुंबई विद्यापीठाच्या या कॉलेजात एक लहान खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. माणसांसाठी प्लेगची पहिली लस या जागेत तयार झाली.

त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मुंबईतल्याच मांडवीत डॉ. अकॅशियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी ‘हा प्लेग आहे’ असं ठामपणे सांगितलं होतं. पुढचं मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुण्यातल्या घरझडत्या, रँडचा खून, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी गेलेल्या सावित्रीबाई फुले. खात्रीचं औषध कुणाकडेच नव्हतं. जंतू तरी हाती लागून दोनच वर्षं झाली होती; 1894 मध्ये हाँगकाँगला येर्सिन आणि किटासाटो यांनी तो ओळखला होता.

हाफकिन मूळचा ओडेसाचा ज्यू. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याला आधी काम मिळालं ते ग्रंथालयात. तिथेच त्याने पटकीची लस केली आणि ती घेऊन 1893 मध्ये तो भारतात आला. मुंबईत प्लेग उद्भवल्यावर सरकारने त्याला इकडे पाठवलं.

आता तुपाकडे येते, कारण माझा जीव अडकला तो तिथे. लस करायची तर प्लेगचे जंतू भरपूर वाढवायला हवेत आणि मग मारायला हवेत. जंतूंना खायला मांसाचं पाणी लागतं. गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं तर हिंदू आणि मुसलमान, दोघेही लस घेणार नाहीत. म्हणून हाफकिनने बोकडाचं मटण आम्लात शिजवून त्याचा अर्क काढला. तो चंबूत भरला आणि वर तुपाचे थेंब सोडले. आपलं घरातलं तूप. प्लेगचा जंतू त्या तरंगत्या थेंबाला खालून चिकटतो आणि तिथून खाली वाढत जातो. गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात ना, तसे बारीक, पांढुरके सुळके तुपाखाली लोंबू लागतात. पुरेसे वाढले की चंबू हलवायचा. सगळे तुटून बर्फासारखे तळाशी बसतात. थेंब पुन्हा मोकळा, पुन्हा नवं पीक. असं पाच-सहा आठवडे चालायचं. मग सगळं तासभर 65 ते 70 अंशांवर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं.

या सुळक्यांचा आणखी एक उपयोग होता. चंबूत दुसरा एखादा जंतू शिरला तर अर्क गढूळ होतो, सुळक्यांची ती ठेवण बिघडते. चंबू उजेडात धरला की पीक शुद्ध आहे की नाही, हे डोळ्यांना दिसायचं. इतक्या साध्या सामानातून इतकी नेमकी परीक्षा काढणारा माणूस मला थोर वाटतो.

पण चंबू अधेमधे जरासाही हलता कामा नये. धक्का लागला की सुळके अकाली तुटतात. मी घरी काचेच्या बरणीत कोमट मिठाचं पाणी घेतलं आणि वर तुपाचा थेंब सोडला. तो चपटा होऊन टिकलीएवढा पसरला, हळूहळू सरकत काचेला जाऊन टेकला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मिक्सर लावला, तशी ती टिकली थरथरायला लागली. मग तो व्हरांडा डोळ्यांपुढे आला. शेजारी इस्पितळ, शहरात मरणाचं थैमान, आणि रांगेने ठेवलेल्या जिवंत प्लेगच्या चंबूंमधून वावरणारे तीन शिपाई. बाटल्या धुणं, उकळणं, उचलून ठेवणं. एक चंबू फुटला तर काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. तीन महिन्यांत मदतनिसांपैकी एकाची मनःस्थिती पार ढासळली, दोघे काम सोडून गेले. मला त्यांच्यात भ्याडपणा दिसत नाही. पगारात न मावणारं काम त्यांनी जमेल तेवढं केलं.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, 10 सीसी, म्हणजे पुढे लोकांना दिली त्याहून बरीच जास्त. ताप चढला, टोचल्या जागी भयंकर कळा आल्या, तो तगला. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली. टोचणीच्या दिवशीच आजारी पडलेले सोडले, तर लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, न घेतलेल्यांपैकी बारा जणांना. मागणी वाढत गेली आणि प्रयोगशाळा परळच्या मोठ्या वास्तूत गेली.

आणि मग मुलकोवाल. पंजाबातलं हे गाव. तिथे 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 जणांना लस दिली गेली. त्यातले 19 जण धनुर्वाताने गेले. या 19 जणांना एकाच बाटलीतून लस दिलेली, बाटलीवर 53-एन असा क्रमांक. बाकीच्या 88 जणांना त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलं होतं. त्यांना काहीही झालं नाही.

पंजाबची मागणी प्रचंड होती. ती पुरी करण्यासाठी परळला नव्या पद्धतीने लस होऊ लागली होती आणि त्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल गाळलेलं होतं. चौकशी समितीने ठपका परळवर ठेवला. हाफकिनला संचालकपदावरून बाजूला केलं गेलं. पण गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. चिमटा नीट उकळला गेला नाही, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून त्यानेच बूच काढलं गेलं. बाटली उघडल्यावर लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी ती हुंगलीही होती, वास नव्हता. बंद बाटलीत धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर दुर्गंधी सुटली असती. या गोष्टी जगापुढे यायला वर्षं गेली. 1907 च्या जुलैत रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली. त्याच वर्षअखेरीला त्याला पुन्हा कामावर बोलावलं, पण कलकत्त्याला. प्लेगच्या प्रयोगशाळेची सूत्रं त्याला परत मिळाली नाहीत.

हाफकिनवर अन्याय झाला हे मी निःसंशय मानते. पण मला काळजी वाटते ती दुसऱ्या बाजूचीही. ज्या गावात बाटली उघडली जाते तिथे विस्तव पेटवायला, पाणी उकळायला, चिमटा थंड होईपर्यंत थांबायला वेळ हवा. रांगेत शंभर माणसं उभी असली आणि वरून आकड्यांची घाई असली, की तो वेळ आधी कापला जातो. त्या मदतनिसाचीही कीव येते मला. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांत, महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत ऑटोक्लेव्ह लावणारा, जंतू वाढवायची माध्यमं ओतणारा, क्षयाच्या नळ्या आठवडेच्या आठवडे सांभाळणारा माणूस अनेकदा कंत्राटी असतो. त्याच्या हातून चिमटा पडला, तर ‘साहेब, पडला’ असं तो निर्धास्त म्हणू शकेल का?

26 ऑक्टोबर 1930 रोजी हाफकिन लोझानला वारला. त्याचं नाव इमारतीवर आहे, आणि ते योग्यच आहे. व्हरांड्यातले ते तिघे इतिहासात ‘तीन शिपाई’ म्हणूनच येतात. जंतूंवर काम करणाऱ्या प्रत्येक विभागाला माझी एकच विनंती आहे: पुढचा वार्षिक अहवाल छापाल, तेव्हा बाटल्या धुणाऱ्यांची नावंही त्यात छापा.