पुलावरचा रियाज

१९५९ साली सनी रॉलिन्स तिशीच्या उंबरठ्यावर होता. टेनर सॅक्सोफोनवर त्याच्या तोडीचे वादक अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रेकॉर्डी गाजत होत्या, क्लबांची बोलावणी येत होती. नेमक्या त्याच वेळी त्याने कार्यक्रम घेणं थांबवलं. न्यूयॉर्कच्या ग्रँड स्ट्रीटवरच्या घरातून तो वाद्य घेऊन निघायचा आणि विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर जाऊन तासन् तास वाजवायचा. घरात वाजवलं तर शेजाऱ्यांना, त्यातही शेजारच्या गरोदर बाईला त्रास होईल, ही एक अडचण होतीच. खरं कारण मात्र वेगळं होतं. आपलं नाव झालंय, पण त्या नावाला साजेसं वादन आपल्या हातून होत नाही, असं त्याचं स्वतःचं मत झालं होतं.

मैफल, ध्वनिमुद्रण आणि श्रवण यांत जॅझ वादकाचं आयुष्य जातं. त्यांतलं श्रवण सर्वांत अवघड, आणि बाकीची दोन त्याच्याच आधारावर उभी असतात, हे रॉलिन्सइतकं स्पष्ट क्वचितच कोणाच्या आयुष्यात दिसतं.

हार्लेमची शाळा

७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला रॉलिन्स हार्लेममध्ये वाढला. आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवरचे, त्यामुळे कॅलिप्सोच्या चाली घरातच कानावर पडल्या. टेनर सॅक्सोफोनला जॅझमध्ये मानाचं स्थान मिळवून देणारा कोलमन हॉकिन्स त्याच परिसरात राहायचा. पियानोवादक थेलोनियस मंकच्या घरच्या तालमींत बसायची संधी रॉलिन्सला विशीच्या आतच मिळाली. पुढे हेरॉइनचं व्यसन जडलं, तुरुंगवासही झाला. १९५५ मध्ये लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन तो त्यातून बाहेर पडला आणि क्लिफर्ड ब्राउन व मॅक्स रोच यांच्या पंचकात दाखल झाला. ट्रम्पेट वाजवणारा ब्राउन निर्व्यसनी होता. व्यसनाशिवायही अव्वल दर्जाचं वाजवता येतं, याचा तो रोज डोळ्यांसमोर असलेला पुरावा होता.

२२ जून १९५६ रोजी रॉलिन्सने न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावात ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ ही रेकॉर्ड मुद्रित केली. तिथला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर दिवसा चष्म्याचे नंबर तपासायचा आणि आईवडिलांच्या दिवाणखान्यात स्टुडिओ चालवायचा. तिथे एका दिवसात पाच रचना झाल्या. त्यानंतर चारच दिवसांनी क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

या रेकॉर्डवरची ‘ब्लू सेव्हन’ बारकाईने ऐकावी. सुरुवातीला डग वॉटकिन्सचा बास एकटाच चालत असतो. मग रॉलिन्स एक छोटा, कोनेदार स्वरसमूह मांडतो. तोच तो पुढे उलटसुलट करतो, तोडतो, मध्ये मोकळी जागा सोडतो, नुसत्या लयीत फेकतो. मॅक्स रोचही ड्रमवर तोच धागा उचलतो. अकरा मिनिटांहून लांब असलेल्या या रचनेत बढत कशी करावी याचा वस्तुपाठच आहे. जुन्या तबकडीच्या तीन मिनिटांत हे मावलंच नसतं. एलपी आल्यामुळेच जॅझमधला असा विस्तार मुद्रित होऊ शकला.

१९५८ मध्ये गुंथर शुलर या संगीतज्ञाने या वादनावर सखोल लेख लिहिला. रॉलिन्सला मात्र त्या स्तुतीचं ओझं झालं. जे सहज घडत होतं, त्याच्याकडे तो वाजवताना लक्ष देऊ लागला, आणि सहजता अडखळली. पुलावर जाण्यामागे अशी अस्वस्थताही असावी, असं मला वाटतं.

पूल आणि पवई

उघड्या जागेत भिंतींची साथ नसते. आवाज परतून येत नाही, म्हणून प्रत्येक स्वर छातीच्या जोरावर भरावा लागतो. शेजारून आगगाड्या धडधडत जातात, खालून बोटींचे भोंगे येतात. रॉलिन्स तिथे उन्हाळ्या-हिवाळ्यात वाजवत राहिला. १९६१ च्या अखेरीस तो मंचावर परतला, आणि १९६२ मध्ये जिम हॉलच्या गिटारसह ‘द ब्रिज’ आली. काहीतरी क्रांतिकारक ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा धरून बसलेल्या समीक्षकांचा थोडा विरस झाला. पण तो जगाला चकित करायला गेलाच नव्हता.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो मुंबईत पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला. ध्यानात मन लागत नाही, ही त्याची तक्रार होती. वाद्य वाजवणं हेच तुझं ध्यान, असं उत्तर त्याला तिथे मिळालं, आणि ते त्याने आयुष्यभर मानलं. पुढे १९७८ च्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात मुंबईकरांनी त्याला मंचावरही ऐकलं.

मुद्रणाशी अवघडलेपण

स्टुडिओत रॉलिन्स आखडायचा, आणि स्वतःची रेकॉर्ड ऐकणं त्याला शिक्षेसारखं वाटायचं. त्याचं खरं वादन मैफलीतलं, असं जाणकार नेहमी सांगत आले. आपल्याला हे समजायला अवघड नाही. गायक भास्करबुवा बखल्यांचं गाणं तबकडीवर उरलं नाही, तरी त्यांचं मोठेपण शिष्यपरंपरेने जपलं. रॉलिन्सच्या बाबतीत एका चाहत्याने वर्षानुवर्षं मैफलींची मुद्रणं गोळा केली, आणि २००८ पासून निघालेल्या ‘रोड शोज’ मालिकेत ती कामी आली.

११ सप्टेंबर २००१ रोजी जुळे मनोरे कोसळले, तेव्हा तो तिथून अगदी जवळ राहत होता. इमारत रिकामी करताना त्याने सॅक्सोफोन सोबत घेतला. पुढचा बॉस्टनचा कार्यक्रम रद्द करावा, असं त्याला वाटत होतं. पत्नी ल्युसिलने आग्रह धरला, आणि १५ सप्टेंबरला तो झाला. त्याचं मुद्रण २००५ मध्ये प्रसिद्ध झालं.

फुप्फुसाच्या आजारामुळे २०१२ नंतर मैफली थांबल्या, २०१४ मध्ये वाजवणंही थांबलं. त्याचे कागद आता हार्लेममधल्याच शॉम्बर्ग सेंटरमध्ये आहेत, आणि त्यांत रियाजाच्या वह्याही आहेत. कीर्तीच्या शिखरावरही हा माणूस विद्यार्थ्यासारखी टिपणं ठेवत होता.

नव्या श्रोत्याने आधी ‘सॅक्सोफोन कोलॉसस’वरचं ‘सेंट थॉमस’ ऐकावं, कारण आईकडून मिळालेली चाल त्यात आहे. मग १९५७ मधलं व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातलं मुद्रण ऐकावं. त्यात पियानो नाही, फक्त बास आणि ड्रमची साथ आहे, त्यामुळे सॅक्सोफोनला लपायला जागा नाही. तिथे रॉलिन्स चुकतमाकत, शोधत पुढे जातो. जगाने पसंतीची पावती दिल्यावरही स्वतःच्या कानाची पसंती मिळेपर्यंत थांबायचं नाही, एवढी एकच शिस्त त्याने पाळली. कलेत याहून मोठी शिस्त मला माहीत नाही.